वडिलांना पार्किन्सन्स आहे, मग मुलांनाही होईल का?
जनुकं, नात्यातली लग्नं आणि फवारणीचा पंप: सातारा-सांगलीच्या कुटुंबांसाठी

पार्किन्सन्सचं निदान सांगितलं की रुग्ण गप्प होतो. तो बाहेर गेला की मुलगा किंवा जावई परत आत येतो आणि हळू आवाजात विचारतो, "डॉक्टर, हे आमच्या घराण्यात पुढं येणार का?"

माझ्याकडे आलेल्या एका शेतकरी कुटुंबात वडिलांचा उजवा हात दोन वर्षं थरथरत होता, पण कुणी डॉक्टरकडे नेलं नव्हतं. मुलीचं लग्न जमवायचं होतं. पाहुणे आले की ते हात खिशात घालून बसायचे. "घराण्यात आजार आहे" असं कळलं तर स्थळ मोडेल, ही भीती होती. या भीतीपायी त्यांची उपचाराची दोन वर्षं वाया गेली.

म्हणून हा प्रश्न नीट समजून घेऊ. सध्या त्याला दोन बातम्यांचीही जोड आहे. ९ जानेवारी २०२५ रोजी 'जीनोम इंडिया' प्रकल्पात १० हजार भारतीयांच्या जनुकीय नोंदी संशोधकांसाठी खुल्या झाल्या. तेव्हापासून "एकदा जनुकांची तपासणीच करून घेऊ का?" असं विचारणारे वाढलेत. दुसरी बातमी अमेरिकेतली आहे. तिथं पार्किन्सन्सच्या हजारो रुग्णांनी पॅराक्वाट या तणनाशकाच्या उत्पादकांवर दावे लावले आहेत. या दोन्ही बातम्या एकत्र वाचल्या तरच तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

आधी आकडा समजून घ्या

मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होतात, तेव्हा पार्किन्सन्स होतो. ढोबळमानाने, शंभरातल्या एक-दोन माणसांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला तो असेल तर शक्यता साधारण दोन ते तीन पट होते. "तीन पट" ऐकून घाबरायला होतं, पण याचा अर्थ असा की अशा शंभर मुलांपैकी नव्वदहून अधिक जणांना हा आजार होत नाही.

एकाच जनुकातल्या दोषामुळे थेट आजार झाला, असं शंभरातल्या पाच ते दहा रुग्णांबाबतच म्हणता येतं. बाकीच्यांमध्ये वय, अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आणि आयुष्यभर शरीरात गेलेल्या गोष्टी यांची बेरीज असते.

याचा एक चांगला पुरावा जुळ्या भावांवरच्या अभ्यासातून मिळाला. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे २० हजार जुळ्या पुरुषांचा हा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार पन्नाशीनंतर सुरू झाला असेल, तर हुबेहूब जुळ्यांमध्ये दोघांनाही तो होण्याचं प्रमाण साध्या जुळ्यांपेक्षा फारसं जास्त नव्हतं. पन्नाशीच्या आत सुरू झालेल्या आजारात मात्र जनुकांचा हात स्पष्ट दिसला. पुढच्या पाठपुराव्यात उतारवयातल्या आजारातही आनुवंशिकतेचा काही वाटा दिसला, पण तो मर्यादित होता.

म्हणून रुग्णाला पहिलं लक्षण कोणत्या वयात दिसलं, हे मी आधी विचारतो.

तरुण वयातला आजार आणि मामाची मुलगी

आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत जुनी आहे. त्याचा इथं संबंध येतो.

पार्किन नावाचं एक जनुक १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलं. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. पार्किनची एक प्रत बिघडलेली असली तरी सहसा काही होत नाही. दोन्ही बिघडल्या तर चाळिशीच्या आत, कधी विशीतही, पार्किन्सन्स सुरू होऊ शकतो. नवरा-बायको मामे-आते भावंडं असतील, तर दोघांच्या सामाईक आजी-आजोबांकडची तीच बिघडलेली प्रत दोघांकडेही असण्याची शक्यता वाढते. तशी ती दोघांकडे असेल, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

याचा अर्थ नात्यात लग्न केलेल्या आईवडिलांना दोष द्यावा असा नाही. अशा बहुतेक जोडप्यांची मुलं निरोगी असतात. पण घरात कुणाला तरुणपणी पार्किन्सन्स झाला असेल, तर त्या घरातल्या पुढच्या पिढीचं लग्न नात्यात करू नका. या प्रकारच्या आजारात रुग्णाच्या मुलांकडे एक बिघडलेली प्रत असतेच. पण जोडीदार नात्याबाहेरचा असला की त्यांच्या मुलांना आजार होण्याची शक्यता फार कमी होते. म्हणजे स्थळ मोडण्याचं कारण उरत नाही, स्थळ नात्याबाहेर पाहायचं एवढंच.

बेणं एकच, रान वेगळं

'एपिजेनेटिक' हा शब्द अवघड वाटतो, पण ऊस लावणाऱ्याला तो लगेच समजेल. को ८६०३२ चं एकच बेणं दोन रानांत लावा. कांडीतून लावलेला ऊस म्हणजे एकमेकांचे जुळे भाऊच. तरी पाणी, खत आणि माती यांप्रमाणे एका रानात टनेज भरघोस येतं, दुसऱ्यात निम्म्यावर. बेण्यात काही बदललेलं नसतं, ते फुललं किती हे बदलतं.

आपल्या जनुकांवरही रासायनिक खुणा बसतात आणि निघतात. जनुकाची अक्षरं तीच राहतात, पण ते किती जोरात काम करणार हे या खुणा ठरवतात. पार्किन्सन्समध्ये अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गाठी पेशींमध्ये साचतात. काही अभ्यासांत हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकावरच्या 'आवर घालणाऱ्या' खुणा कमी झालेल्या दिसल्या आहेत. वय आणि काही कीटकनाशकं अशा खुणा बदलू शकतात, असं प्रयोगशाळेत दिसतं. मात्र यावर आधारलेली, रुग्णाच्या उपयोगाची तपासणी किंवा उपचार आज नाही. कुणी "एपिजेनेटिक डिटॉक्स"चं पॅकेज विकत असेल, तर पैसे जपून ठेवा.

पॅराक्वाट: जनुक आणि विष एकत्र आले की

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या आणि फवारणी करणाऱ्यांच्या एका अभ्यासात, २०११ मध्ये, पॅराक्वाट वापरलेल्यांमध्ये पार्किन्सन्स सुमारे अडीच पट आढळला. पुढच्याच वर्षी त्याच गटातली आणखी एक गोष्ट समोर आली. शरीरातली विषं निकामी करायला मदत करणारं जीएसटीटी१ नावाचं एक जनुक काही जणांमध्ये जन्मतःच नसतं. एरवी त्यांना काही त्रास नसतो. ज्यांच्यात हे जनुक होतं, त्यांच्यात पॅराक्वाट वापरल्यावरचा धोका सुमारे दीड पट होता. ज्यांच्यात नव्हतं, त्यांच्यात तो सुमारे ११ पट होता. रुग्णसंख्या लहान होती, त्यामुळे ११ हा आकडा पक्का धरू नका. उत्पादक कंपन्या हा संबंधच नाकारतात. तरीही आजार कसा घडत असावा, हे त्यातून कळतं: जनुकात कमतरता आणि वर विषाचा मारा.

युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे. ब्राझील आणि थायलंडने २०२० मध्ये, तर आपल्याकडे केरळने २०११ मध्येच त्यावर बंदी घातली. महाराष्ट्रात ते मिळतं, आणि मंजूर पिकांच्या यादीत द्राक्षही आहे. तासगाव-मिरजेच्या बागायतदारांनी आणि बांधावरचं गवत मारणाऱ्या प्रत्येकाने डब्यावरचं बारीक अक्षर वाचावं. ब्रँडचं नाव काहीही असो, खाली 'पॅराक्वाट डायक्लोराइड' लिहिलेलं असतं. हे औषध पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. अगदी घोटभर गेलं तरी त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्या.

याच शेतकऱ्यांच्या २०१५ मधल्या विश्लेषणात एक दिलासाही होता. पॅराक्वाटचा पार्किन्सन्सशी संबंध हातमोजे क्वचित वापरणाऱ्यांमध्येच दिसला, नियमित वापरणाऱ्यांमध्ये नाही. म्हणून:

• फवारणीला नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्या, मास्क आणि बूट वापरा. कापडी मोजे औषध शोषून घेतात, ते नकोत.
• नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका.
• फवारणीच्या हाताने तंबाखू मळू नका. जेवणाआधी साबणाने हात धुवा.
• गळका पंप पाठीवर घेऊ नका.
• फवारणीचे कपडे वेगळे धुवा. ते धुणाऱ्या घरातल्या बाईनेही हातमोजे घालावेत.
• तण काढायला दुसरा मार्ग असेल, तर पॅराक्वाट टाळा.

जनुकीय तपासणी कुणी करावी?

पहिलं लक्षण चाळिशीच्या आत दिसलं असेल, किंवा जवळच्या नात्यात दोन-तीन रुग्ण असतील, तर न्यूरॉलॉजिस्टशी तपासणीबद्दल बोला. रुग्णाचे आईवडील नात्यातले असतील तर तेही सांगा. तपासणी आधी रुग्णाची करायची असते, निरोगी मुलांची नाही. त्याआधी आणि नंतर समुपदेशन हवंच.

साठीनंतर आजार सुरू झाला आणि घरात दुसरं कुणी रुग्ण नाही, तर सहसा तपासणीची गरज नसते. निकाल काहीही आला तरी आज गोळ्या बदलत नाहीत.

ऑनलाइन मागवलेल्या थुंकीच्या तपासणीवर विसंबू नका. युरोप-अमेरिकेत नेहमी तपासला जाणारा एलआरआरके२ जनुकातला एक बदल भारतीयांमध्ये अगदी दुर्मीळ आहे. तो सापडला नाही, याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. २०२३ मध्ये आफ्रिकी वंशाच्या रुग्णांमध्ये जीबीए१ जनुकातला असा बदल सापडला, जो युरोपीय लोकांमध्ये जवळजवळ दिसत नाही. प्रत्येक समाजाच्या जनुकांत असा फरक असतो. 'जीनोम इंडिया'चं महत्त्व यातच आहे, पण त्याचा फायदा दवाखान्यापर्यंत यायला वेळ लागेल.

आज तुम्ही काय कराल?

एक हात चालताना हलत नाही, अक्षर बारीक होत चाललंय, वास येत नाही, झोपेत हातपाय झाडले जातात, हालचाली मंदावल्यात, असं दिसलं तर दाखवा. येताना सगळ्या गोळ्या घेऊन या. चक्करेवरच्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन किंवा पित्ताच्या कॅप्सूलमधल्या लेव्होसल्पिराइडमुळेही हुबेहूब अशीच लक्षणं येतात. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद केली की ती बहुधा कमी होतात. प्रत्येक थरथर पार्किन्सन्सची नसते.

रुग्णाच्या मुलांनी रोज दमवणारा व्यायाम करावा. नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये हा आजार कमी दिसतो. ज्यांना आजार झालाय त्यांनाही व्यायामाने हालचालीत फायदा होतो. आधार हवा असेल तर पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात तुमच्यासारखीच कुटुंबं भेटतील.

त्या वडिलांचे उपचार आता सुरू आहेत. गोळीने हात बराच स्थिरावला आणि ते पुन्हा स्वतःच्या हाताने चहा पितात. मुलीकडच्यांनी पाहुण्यांना खरं ते सांगितलं. उतारवयातला आजार, नात्याबाहेरचं स्थळ आणि मुलीला फारसा वाढीव धोका नाही, हे मीही समजावलं. लग्न ठरलं. वडिलांनी फवारणीचा पंप मुलाकडे दिला, पण त्याआधी त्याला हातमोजे आणून दिले.