छत्री एक, खोल्या तीन

प्रति,
माहिती व प्रसारण मंत्रालय, नवी दिल्ली
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय)
आणि देशातल्या सर्व डीटीएच कंपन्यांचे चालक



टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास येतो: "बाहेरच्या खोलीतल्या बॉक्सवरचं आतल्या खोलीत दिसेल का हो?" विचारणाऱ्याने बहुधा नुकताच मोठा टीव्ही घेतलेला असतो. जुना अजून चालतोय, टाकवत नाही. तो आईवडिलांच्या खोलीत जातो, नाहीतर ओट्याच्या वर भिंतीला लागतो. बाहेर मॅच, आत मालिका, एवढंच मागणं. माझं उत्तर ठरलेलं: "दिसेल, पण..." त्या 'पण'मध्ये तुमचा वाटा किती आणि निसर्गनियमांचा किती, हे वेगळं करून सांगावं म्हणून हे पत्र.

आधी निसर्गनियमांचा वाटा. केबलच्या जुन्या दिवसांत हा प्रश्न नव्हताच. खिडकीतून आलेल्या वायरीला टू-वे स्प्लिटर लावला की दोन टीव्ही, फोर-वे लावला की चार. चित्राला जरा मुंग्या यायच्या, पण प्रत्येक खोली आपापलं चॅनल बघायची आणि केबलवाला महिन्याला एकदाच पैसे न्यायला यायचा. मुंबईत २०१२ च्या नोव्हेंबरपासून आणि पुणे, नाशिक, नागपुरात त्यानंतर २०१३ मध्ये केबल सक्तीने डिजिटल झाली, आणि प्रत्येक टीव्हीच्या डोक्यावर एक बॉक्स येऊन बसला.

छत्रीवाल्यांकडे अडचण आणखी वेगळी. छत्रीच्या दांड्यावर जो ठोकळा असतो, तो एलएनबी. उपग्रहाकडून येणाऱ्या १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झच्या लहरी तो ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर उतरवतो, कारण आपल्या काळ्या वायरीतून त्याहून वरचं काही धड खाली पोचत नाही. लहरी उभ्या हव्यात की आडव्या, हे बॉक्स त्याच वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट वर पाठवून सांगतो. पट्टा खालचा की वरचा, हे २२ किलोहर्ट्झचा सूर मिसळून. म्हणजे ती वायर एका वेळी एकाच बॉक्सची आज्ञा पाळते. मध्ये केबलच्या काळातला स्प्लिटर घातला की दोन बॉक्स दोन आज्ञा देतात आणि कुठल्या तरी एका खोलीत 'नो सिग्नल'. यात कंपनीचा दोष नाही, हे मी गिऱ्हाइकाला दरवेळी सांगतो. उपायही साधा आहे: दोन तोंडांचा एलएनबी आणि दुसरी वायर. काही शे रुपयांचं, एकदाच करायचं काम. खरा त्रास वायर आणायचा. शहरातल्या फ्लॅटमध्ये छत्री ग्रीलला टांगलेली, वायर खिडकीच्या सरकत्या चौकटीतून आत घेतलेली, त्यावर डासांची जाळी. दुसऱ्या वायरीला जागा उरतच नाही.

मग लोक जुगाड करतात आणि तो मीच करून देतो. बॉक्सच्या एचडीएमआयवर बाहेरचा टीव्ही आणि त्याच बॉक्सच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांमधून लांब वायर आतल्या टीव्हीला. चित्र जुन्या पद्धतीचं, पण म्हाताऱ्या डोळ्यांना चालून जातं. ज्यांना आतही एचडी हवं त्यांच्यासाठी एचडीएमआय स्प्लिटर, आणि तिथे तुमची पहिली कडी लागते. बॉक्स आणि टीव्ही एकमेकांना एचडीसीपी नावाची ओळख विचारतात. मधला स्प्लिटर ती नीट पटवू शकला नाही की पडदा काळा. चोरी थांबवण्यासाठी केलेली ही सोय माझ्या बाकावर मुख्यतः आजीआजोबांची मालिका थांबवते. वायर दहा-पंधरा मीटरच्या पुढे गेली की चित्र तुटायला लागतं. मग नेटवर्कच्या वायरीवरून एचडीएमआय नेणारी जोडी घ्या. रिमोटचा किरण भिंतीपलीकडे जात नाही, म्हणून आतल्या खोलीत एक 'डोळा' लावायचा आणि त्याची वायर परत बॉक्ससमोर आणून चिकटवायची.

हे सगळं जमलं तरी दोन्ही खोल्यांत चॅनल एकच! आतून सासूबाईंनी रिमोट दाबला की बाहेर शेवटच्या षटकात मालिका सुरू. अशा भांडणाचा निवाडा करायला लोक मला फोन करतात. हा धंदा मला नको आहे.

आता तुमचा वाटा, म्हणजे पैसे.

ट्रायच्या १ जानेवारी २०२० च्या दुरुस्तीने नेटवर्क क्षमता शुल्काची, म्हणजे लोक ज्याला नुसतं एनसीएफ म्हणतात त्याची, मर्यादा २०० चॅनलसाठी १३० रुपये अशी ठेवली. त्याच आदेशात तुम्ही मान्य केलंत की एकाच घरातल्या दुसऱ्या टीव्हीवर पूर्ण शुल्क लावणं योग्य नाही, आणि त्यावर जास्तीत जास्त ४० टक्क्यांची मर्यादा घातलीत. ग्राहक खूश झाला. मीही झालो. पण १३० चे ४० टक्के म्हणजे ५२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ६१ रुपये ३६ पैसे. वर्षाला ७३६ रुपये, आणि तेही एकही सशुल्क चॅनल न घेता. मग ८ जुलै २०२४ ला तुम्ही या शुल्कावरची कमाल मर्यादाच काढली आणि दर बाजारावर सोपवला. ज्या आकड्याला छप्परच नाही, त्याच्या ४० टक्क्यांनी कुणाचं डोकं झाकणार?

माझा प्रश्न रकमेचा कमी आणि नावाचा जास्त आहे. 'नेटवर्क क्षमता' कुणाची वापरली? उपग्रह सुमारे ३५,८०० किलोमीटरवर आहे आणि त्याचे किरण साऱ्या देशावर पडतातच, कुणी टीव्ही लावो न लावो. माझ्या घरात दुसरा बॉक्स लागला म्हणून उपग्रहाला एक वॅटही जास्त लागत नाही. केबलच्या जाळ्यात निदान खांबावरची वायर, अॅम्प्लिफायर, गल्लीतला माणूस असतो. डीटीएचमध्ये छत्रीपासून टीव्हीपर्यंतचं नेटवर्क ग्राहकाच्या भिंतीवर, ग्राहकाच्या पैशाने बसवलेलं असतं. दुसऱ्या बॉक्सची किंमत घ्या, तो बसवायला आलेल्या मुलाची मजुरी घ्या, तक्रार केंद्राचा काही खर्च दाखवा. त्याला नाव त्याचंच द्या.

तुमची बाजूही मला ठाऊक आहे, कारण ती माझ्या दुकानातूनच जाते. स्वस्तातलं दुसरं कनेक्शन घ्यायचं आणि तो बॉक्स गावी भावाकडे किंवा जिन्यापलीकडच्या शेजाऱ्याकडे लावायचा, हे सर्रास चालतं. छत्री तिकडे दुसरी लावली की बॉक्सला काही कळत नाही. अशा गिऱ्हाइकांचे पैसे मीही घेतले आहेत, आव आणत नाही. पण थोडे लोक फसवतात म्हणून प्रत्येक आतल्या खोलीवर कायमचा कर, हा उपाय आळशी आहे. बॉक्स त्याच घरात आहे की नाही, हे ओळखण्याचं तंत्र कधीचंच आलंय.

अमेरिकेत डायरेक्टीव्हीने २०१२ मध्ये जीनी नावाचा बॉक्स आणला. छत्रीशी जोडलेला मुख्य बॉक्स एकच, बाकी खोल्यांत छोटे साथीदार बॉक्स, आणि ते घरच्या नेटवर्कवर मुख्य बॉक्सकडूनच चॅनल घेतात. मुख्य बॉक्सपासून तोडला तर साथीदार निरुपयोगी, म्हणजे शेजाऱ्याचा प्रश्नच मिटला. ब्रिटनमध्ये स्कायने २०१६ पासून क्यू नावाने तेच केलं. खोटं कशाला बोलू, तिथेही जादा खोलीचे पैसे लावलेच. पण छत्रीपासून दुसरी वायर तरी वाचली. त्याहून मोकळी वाट युरोपात निघाली. उपग्रह चालवणाऱ्या एसईएस कंपनीने आणि तिच्या साथीदारांनी २०१२ मध्ये सॅट-आयपी नावाची पद्धत जाहीर केली आणि २०१४ मध्ये ती युरोपीय मानक झाली. छत्रीजवळ एक यंत्र बसतं, उपग्रहाचा प्रवाह घरच्या वाय-फायच्या भाषेत आणतं, आणि मग टॅब असो, टीव्ही असो, खोली कुठलीही असो, मोफत चॅनल तिथे दिसतात. याच एसईएसने भारतातल्या डीटीएचलाही उपग्रह पुरवले आहेत. उपग्रह आला, पद्धत दारातच राहिली.

आपल्याकडे कागदांची कमी नाही. बॉक्स खुल्या रचनेचा असावा, एका कंपनीचा दुसरीकडे चालावा, हे डीटीएचच्या २००१ च्या मार्गदर्शक तत्त्वांतच लिहिलेलं होतं. एप्रिल २०२० मध्ये ट्रायने पुन्हा शिफारस केली की देशातला प्रत्येक बॉक्स कंपनी बदलली तरी चालला पाहिजे. माझ्या माळ्यावर कंपनी बदललेल्या लोकांनी टाकलेल्या बॉक्सचं पोतं आहे. त्यातल्या कुठल्याही चांगल्या बॉक्सवर आतल्या खोलीचा टीव्ही चालला असता.

डीडी फ्री डिश बघा. २००४ पासून चालू आहे. छत्री आणि बॉक्स एकदा घ्यायचे, महिन्याला शून्य. तिथे दुसऱ्या खोलीचं गणित फक्त दुसरा बॉक्स आणि दोन तोंडांचा एलएनबी, संपलं. भारतीय मानक ब्युरोने डिसेंबर २०२२ मध्ये आतच उपग्रह ट्यूनर असलेल्या टीव्हीचं मानक जाहीर केलं. असा टीव्ही असेल तर मोफत चॅनलसाठी बॉक्सही नको, छत्रीची वायर थेट टीव्हीच्या पाठीत. पण शोरूममधला मुलगा इंच सांगतो, गेम खेळता येतील म्हणतो. ट्यूनरबद्दल विचारलं की मालकाला हाक मारतो. फ्री डिशवर जे फुकट आहे ते बाकी सगळीकडेही फुकटच धरायचं, हा निर्णय ट्रायने २०२४ मध्ये घेतला. म्हणजे इच्छा असली की नियम होतो.

तेव्हा मंत्रालयाला विनंती: ट्यूनरचं मानक टीव्हीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत दिसेल असं करा. ट्रायला विनंती: एकाच पत्त्यावर, मुख्य बॉक्सशी जोडलेल्या दुसऱ्या टीव्हीवर एनसीएफ शून्य करा. साथीदार बॉक्स बनवायला कंपन्यांना कारण तरी मिळेल. आणि कंपन्यांना: नवं कनेक्शन देताना घरात टीव्ही किती आणि कुठल्या खोल्यांत, हे आधी विचारा. दोन असतील तर पहिल्याच दिवशी दोन तोंडांचा एलएनबी लावा आणि दोन्ही वायरी एकत्र आत घ्या, म्हणजे माणसाला पुन्हा ग्रीलवर चढावं लागणार नाही. तोवर प्रत्येक रिचार्जच्या तपशिलात दुसऱ्या टीव्हीच्या रकमेसमोर एवढं लिहा, की त्या महिन्यात त्या टीव्हीसाठी तुमच्या नेटवर्कने कोणतं जादा काम केलं.

कळावे,
आपला,
एक टीव्ही दुरुस्ती करणारा