खाणकामगाराची पोर

आमच्या होस्टेलवर कुणाच्याही हातात गिटार आली की अर्ध्या तासात जॉन डेन्व्हरचं 'कंट्री रोड्स' सुरू होतंच. आपल्यापैकी बहुतेकांचं कंट्री म्युझिक तिथंच सुरू होतं आणि तिथंच संपतं. माझंही तसंच होतं. ४ ऑक्टोबर २०२२ ला लोरेटा लिन गेली, वयाच्या ९० व्या वर्षी, तेव्हा रूम पार्टनरने तिचं 'कोल मायनर्स डॉटर' लावलं. कोण ही आजी, म्हणून ऐकायला बसलो आणि मेसची वेळ टळून गेली.

बाई अमेरिकेतल्या केंटकीची. बुचर हॉलो नावाच्या डोंगरघळीतली. आठ भावंडं, वडील कोळशाच्या खाणीत. पंधराव्या वर्षी लग्न, विशी गाठेपर्यंत चार पोरं. नवऱ्याने १७ डॉलरची गिटार आणून दिली, ती स्वतःच वाजवायला शिकली. १९६० साली पहिली रेकॉर्ड निघाली, तर दोघं नवरा-बायको गाडी काढून गावोगावच्या रेडिओ स्टेशनांवर ती वाटत फिरले! मार्केटिंगचा एवढा प्रॅक्टिकल आपल्या सिलॅबसमध्येही नाही.

ती गेल्यावर सगळ्यांनी 'बंडखोर' म्हणून तिची आठवण काढली. ते खोटं नाही. दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला तिने गाण्यातच दम दिला. १९७५ साली गर्भनिरोधक गोळीवरचं 'द पिल' गायलं, तर कित्येक रेडिओ स्टेशनांनी ते लावायचंच नाकारलं. तरी ते कंट्रीच्या यादीत पाचव्या नंबरपर्यंत गेलं. आणि हीच बाई २०१६ मध्ये उघडपणे ट्रम्पच्या बाजूने बोलली. म्हणजे बसवा आता कुठल्या चौकटीत बसवायची ती.

पण मला विचाराल तर तिचं खरं धाडस १९७० च्या त्या एका गाण्यात आहे. त्यात बंड नाही, भांडण नाही. बाप खाणीत राबायचा, आई धुणं धुवायची, घरात पैसा नव्हता, एवढंच. आणि नाव काय दिलं? खाणकामगाराची मुलगी. त्यावर पुढे पुस्तक आलं, १९८० मध्ये सिनेमा आला, सिसी स्पेसेकला ऑस्कर मिळालं. गाणं मुळात बरंच लांब होतं म्हणे, रेकॉर्डिंगच्या वेळी कडवी गाळायला लावली. बापाबद्दल सांगायला तिच्याकडे तेवढं होतं.

हे मला का लागलं, ते सांगतो. फर्स्ट इयरला इंट्रोमध्ये सिनिअरने विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "बिझनेस." बाबा मार्केट यार्डात हमाली करतात. माझी फी त्याच पाठीवरून आलीय राव. कुणी खोदून विचारलं नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही. आपल्या विंगमध्ये असे 'बिझनेस'वाले आणखी किती आहेत, देव जाणे. मला तरी दोघं माहीत आहेत.

लोरेटाचे वडील १९५९ साली वारले. पहिली रेकॉर्ड निघाली त्याच्या पुढच्या वर्षी. ज्याचं काम तिने जगभर सांगितलं, त्याने तिला रेडिओवर एकदाही ऐकलं नाही.

माझे बाबा रविवारी फोन करतात. या रविवारी त्यांना हे गाणं ऐकवलं, मराठीत अर्थ सांगत सांगत. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खाणीतलं काम लई वंगाळ. आमचं बरं, उघड्यावर तरी आहे."