खाण्याचे धान, बियाण्याचे धान

फुलचूरचे एक निवृत्त गुरुजी माझ्या परिचयाचे आहेत. पत्नीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला काढलेली रक्कम त्यांनी अधिक परताव्याच्या आशेने शेअर बाजाराशी निगडित म्युच्युअल फंडात गुंतवली होती. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळला. गुरुजींची झोप उडाली, रक्तदाब वाढला. ‘उरले तेवढे तरी वाचवू’ म्हणून त्यांनी सारे युनिट विकून टाकले. त्याच नोव्हेंबरात सेन्सेक्सने जानेवारीतील उच्चांक ओलांडला. टाळेबंदीमुळे लांबलेली शस्त्रक्रिया पुढे झाली, तेव्हा मात्र पैसे अपुरे पडले.

बाजार पडतो तो बहुधा पुढील काळाविषयीच्या भीतीने. विकणारे वाढतात, घेणारे मागे सरतात. तो सावरतोही, पण किती दिवसांत हे कोणी सांगू शकत नाही. २०२० मध्ये सुमारे आठ महिने लागले. जानेवारी २००८ मध्ये २१,००० गाठलेला सेन्सेक्स त्याच ऑक्टोबरात ९,००० च्या खाली गेला. पुन्हा २१,००० दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडला. एखाद्या कंपनीचा शेअर तर कधीच सावरत नाही.

आपल्या धानाच्या मुलखाला हे नवे नाही. कापणीच्या गर्दीत ज्याला विकणे भाग असते, त्याला पडेल भाव घ्यावा लागतो. ज्याच्या कोठीत वर्षाचे खाणे आहे, तो थांबू शकतो. म्हणून पुढील पाच वर्षांत लागणारा पैसा, म्हणजे औषधे, शस्त्रक्रिया, घरखर्च, बाजारात ठेवू नये.

मग तो कोठे ठेवावा? टपाल कार्यालयातील तसेच अनेक बँकांतील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठ वर्षांवरील व्यक्तीला ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. मुदत पाच वर्षांची असून व्याज दर तिमाहीस हाती येते. बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, व्याजासह पाच लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे. नोंदणीकृत सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्थेतील ठेवींना मात्र हे संरक्षण नाही. तेथील व्यवस्थापक ओळखीचे असतात, व्याज थोडे अधिक मिळते. तरीही आयुष्याची सारी पुंजी तेथे ठेवणे जोखमीचे.

शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांनी तीन गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक खात्यावर वारसाचे नामनिर्देशन झाले आहे का? सर्व ठेवींची नोंद एका वहीत आहे का? सत्तरीपुढील किंवा अंथरुणास खिळलेल्या खातेदाराला बँक घरपोच सेवा देते का? ही सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. शाखेत जाऊन चौकशी करावी. आणि ओटीपी कोणालाही, अगदी ‘बँकेतून बोलतो’ म्हणणाऱ्यालाही, सांगू नये. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

घरातील वडीलधारी माणसे दूरचित्रवाणीवरील लाल आकडे पाहून अस्वस्थ होत असतील, तर त्यांना उपदेश करू नका. शेजारी बसून ती वही उघडा आणि औषधांचा, घरखर्चाचा पैसा कोठे सुरक्षित आहे, हे बोट ठेवून दाखवा. त्या रात्री त्यांना झोप लागेल.