तापलेली घरे, बिघडलेली झोप

मे महिन्यात देऊळगाव राजात पारा चाळिशीपार गेला की चर्चा होते ती दुपारच्या उन्हाची. पाणी प्या, डोक्याला रुमाल बांधा, भर दुपारी बाहेर पडू नका, हे सगळ्यांना पाठ असते. मनाच्या आरोग्यासाठी मात्र रात्रीही तितक्याच धोक्याच्या असतात. तिकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

पूर्वीच्या माळवदाच्या घरांत जाड भिंती आणि मातीचे छत उष्णता अडवून धरत. आता त्या जागी पत्रे किंवा स्लॅब आले. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. गाढ झोप लागायला शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते. कोंदट खोलीत ते उतरत नाही. त्यात वीज गेली की कूलरही बंद. अशा दोन-चार रात्रींनी निरोगी माणूसही चिडचिडा होतो. नैराश्याच्या रुग्णाचा त्रास वाढतो. बायपोलर म्हणजे द्विध्रुवी आजार असलेल्याला केवळ जागरणानेही उन्मादाचा झटका येऊ शकतो.

दुसरा धोका औषधांचा. बायपोलर आजारात लिथियम देतात. घामावाटे पाणी आणि मीठ कमी झाले की लिथियम रक्तात साठते. हात जास्त थरथरणे, जुलाब, तोल जाणे, बोलणे अडखळणे ही त्याची लक्षणे. स्किझोफ्रेनियावरील काही औषधांनी घाम कमी येतो, त्यामुळे उष्माघाताची भीती वाढते. म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

उष्णता शेतातूनही मनापर्यंत पोहोचते. अमेरिकेतील संशोधक टॅमा कार्लटन यांनी भारतातील 1967 ते 2013 या काळातील आकडेवारी तपासली. पिकांच्या हंगामात 20 अंशांवरील एखाद्या दिवशी तापमान 1 अंशाने वाढले, तर देशात सरासरी सुमारे 67 आत्महत्या वाढतात, असा त्यांचा 2017 चा निष्कर्ष आहे. हंगामाबाहेर हा परिणाम दिसला नाही. म्हणजे उष्णतेचा घाव आधी पिकावर आणि मग घरावर पडतो. कोरडवाहू शेतीच्या बुलढाणा जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको.

उपाय फार खर्चाचे नाहीत. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग दिला. इथेही पत्र्यावर चुना मारता येईल. आशा कार्यकर्त्यांकडे गरोदर मातांची यादी असते, तशी उन्हाळ्यापुरती मनोरुग्णांची यादी ठेवता येईल. एप्रिलमध्ये एक भेट द्यावी आणि तीनच प्रश्न विचारावेत: झोप लागते का, गोळ्या सुरू आहेत का, रात्री झोपायची सोय कुठे आहे?

घरच्यांनीही रुग्णाला सर्वांत हवेशीर जागा द्यावी. सलग दोन-तीन रात्री झोप उडाली किंवा निरवानिरवीची भाषा सुरू झाली, तर त्याला एकटे सोडू नये. कीटकनाशके घरातून लगेच हलवावीत. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत सुरू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते.