सुदर्शन चक्र, गोल्डन डोम आणि फुग्यांचं गणित

15 ऑगस्ट 2025 ला लाल किल्ल्यावरून ‘मिशन सुदर्शन चक्र’ जाहीर झालं. 2035 पर्यंत लष्करी ठिकाणांबरोबरच दवाखाने, रेल्वे, श्रद्धास्थानं या सगळ्यांना कवच मिळणार. त्याच्या तीन महिने आधी ट्रम्प यांनी ‘गोल्डन डोम’ची घोषणा केली होती. खर्च 175 अब्ज डॉलर, काम त्यांची कारकीर्द संपायच्या आत पूर्ण आणि यश जवळजवळ 100 टक्के! दोन्हीकडे टाळ्या पडल्या. आपल्याकडे तर लगेच ‘आता पलीकडून काहीही येऊ दे’ छापाच्या पोस्टी फिरायला लागल्या.

माझं म्हणणं असं की, ‘कवच’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातायत. त्यातली एक होण्यासारखी आहे. दुसरी साठ वर्षं झाली तरी कुणालाच जमलेली नाही.

होण्यासारखी गोष्ट म्हणजे इस्रायलचा आयर्न डोम. जवळून येणारी, हळू, स्वस्त रॉकेटं तो पाडतो, तीही फक्त वस्तीवर पडणार असतील तीच. चांगलं चालतं. पण इस्रायल केवढा? आपल्या पुणे आणि सातारा या दोन जिल्ह्यांत मावेल एवढा. आणि जून 2025 मध्ये इराणने लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं सोडली, तेव्हा आयर्न डोमच्या वरचे थर असूनही काही आत आलीच. बीरशेबाचं मोठं हॉस्पिटल त्यात सापडलं. शंभरातली दहा निसटली तरी साध्या बॉम्बच्या बाबतीत देश सावरतो. अणुबॉम्बच्या बाबतीत एक निसटलं तरी शहर गेलं.

आता न जमलेली गोष्ट. आंतरखंडीय क्षेपणास्त्र पहिली तीन ते पाच मिनिटं जळत वर जातं, मग वीसेक मिनिटं अवकाशातून नुसतं तरंगत येतं. पाडायला वेळ मिळतो तो इथेच. पण तिथे हवा नाही. त्यामुळे जड बॉम्ब आणि चंदेरी फुगा सारख्याच वेगाने जातात. शत्रूने एका बॉम्बबरोबर वीस फुगे सोडले, तर रडारने खरं कुठलं म्हणायचं? फुग्याला खर्च किती आणि तो फोडायला पाठवलेल्या क्षेपणास्त्राला किती, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

अमेरिकेकडे अलास्का आणि कॅलिफोर्निया मिळून अशी 44 क्षेपणास्त्रं आहेत. आधी ठरवून घेतलेल्या चाचण्यांतही निम्म्याच्या आसपासच नेम लागलाय. एकामागे चार सोडायची म्हटलं तर अकरा पाडता येतील. रशियाकडे तैनात अण्वस्त्रंच दीड हजाराच्या वर आहेत. मग अवकाशातूनच पाडू म्हणावं, तर उपग्रह एका जागी थांबत नाही. योग्य वेळी एक डोक्यावर असावा म्हणून शेकडो फिरवत ठेवावे लागतात. अमेरिकी संसदेच्याच बजेट कार्यालयाने यातल्या फक्त अवकाशातल्या भागाचा वीस वर्षांचा खर्च 161 ते 542 अब्ज डॉलर काढलाय, आणि तोही उत्तर कोरियासारख्या देशाची एक-दोन क्षेपणास्त्रं अडवायला!

हे सगळं त्यांनी एकदा करून पाहिलंय. नॉर्थ डकोटाच्या माळावर ‘सेफगार्ड’ नावाची यंत्रणा उभारली, सुमारे 6 अब्ज डॉलर घालून. माथा छाटलेल्या पिरॅमिडसारखी तिची रडारची इमारत आजही उभी आहे. ऑक्टोबर 1975 मध्ये यंत्रणा पूर्ण सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या प्रतिनिधिगृहाने ती बंद करायच्या बाजूने मत दिलं. कारण तोवर रशियाने एका क्षेपणास्त्रावर अनेक बॉम्ब बसवायला घेतले होते, आणि रडारच उडवलं की यंत्रणा आंधळी.

आणि राजकारण? आपण ढाल वाढवली की समोरचा गप्प बसत नाही, तो बाण वाढवतो. 1972 चा क्षेपणास्त्रविरोधी करार बुश यांनी 2002 मध्ये सोडला. 2018 मध्ये पुतिन यांनी नवी अस्त्रं दाखवली तेव्हा त्याचंच कारण दिलं. लांब कशाला जायचं, जानेवारी 2017 मध्ये पाकिस्तानने अनेक बॉम्ब नेणाऱ्या ‘अबाबील’ची चाचणी घेतली. आपल्या भागात क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा वाढतायत म्हणून हे, असं त्यांच्या लष्कराने उघड सांगितलं. म्हणजे आपलं कवच पुरं व्हायच्या आधीच त्याचं उत्तर चाचणीला उभं होतं. आणि आपल्याला तर वीस-पंचवीस मिनिटंही नाहीत. सीमेपलीकडून मुंबईपर्यंत यायला काही मिनिटं पुरतात.

असं लिहिलं की ‘आपल्या शास्त्रज्ञांवर विश्वास नाही का’ हे येतंच. आहे ना! डीआरडीओने 2006 पासून या चाचण्या घेतल्यात, जुलै 2024 ची दुसऱ्या टप्प्याची चाचणीही यशस्वी झाली. मे 2025 मध्ये ड्रोन आले तेव्हा आकाश आणि एस-400 ने काम केलं. विमानतळ, रिफायनरी, तारापूर, बॉम्बे हाय यांना ड्रोन आणि साध्या क्षेपणास्त्रांपासून वाचवायला पैसे घाला, दुप्पट घाला, माझी काहीच हरकत नाही.

पण मग तसं सांगा. कुठल्या अस्त्रापासून, कुठली ठिकाणं, शंभरातली किती अडणार आणि किती पैशात? गुप्त ठेवायचे आकडे गुप्त ठेवा, पण संरक्षणविषयक स्थायी समितीसमोर बंद दाराआड तरी ठेवा. ‘सगळ्या देशाला कवच’ हे वाक्य अणुबॉम्बच्या बाबतीत कुणीच खरं करून दाखवलेलं नाही, आणि कवच आहे असं वाटून उद्या एखाद्याने युद्धाची भाषा जास्त सैलपणे केली तर त्याची किंमत मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांनी मोजायची आहे.

हे प्रश्न संसदेत विचारणारा एखादा खासदार दिसला, कुठल्याही पक्षाचा, तर त्याच्या भाषणाची लिंक कॉमेंटमध्ये टाका. मी स्वतः शेअर करतो.