धोट्याचें सूत आणि अर्जावरील नांव

‘शिका, म्हणजे चांगली नोकरी आपण होऊन चालत येईल,’ हा उपदेश घरोघर होतो, शाळांतूनहि होतो. तो अर्धाच खरा आहे, असें आमचें मत आहे. उरलेला भाग विद्यार्थ्यांपासून लपविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

मुंबईच्या कापडगिरण्यांची गोष्ट घ्या. सूतकताईच्या खात्यांत अस्पृश्य गणलेल्या मजुरांस काम मिळे. परंतु जेथें मजुरी अधिक, त्या विणकामखात्याचें दार त्यांस बंद असे. कारण काय? कांडी संपली कीं नव्या कांडीचें सूत धोट्याच्या छिद्रांतून तोंडानें ओढून घ्यावें लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांस लागलेला धोटा इतर विणकर हातीं घेत नसत. (कापसाची धूळ मात्र सर्वांच्याच छातींत सारखी जाई!) १९२८ सालच्या सार्वत्रिक संपाच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हा अन्याय संपाच्या पुढाऱ्यांपुढें मांडिला. मालकांशीं लढणाऱ्या मजुरांनींच आपल्या बंधूंची वाट अडविली होती, हें त्यांतील खरें दुःख.

१९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या हळूहळू बंद पडल्या. धोटा गेला, विटाळ गेला काय? बाबासाहेबांनीं १९५० सालीं आपल्याच शहरांत स्थापिलेल्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी, अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात, यांनीं पॉल ॲटवेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञासह याचा शोध घेतला व तो २००७ सालीं प्रसिद्ध झाला. खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींस ४,८०८ अर्ज धाडण्यांत आले. पात्रता सारखी, भेद केवळ नांवाचा. उच्चवर्णीय नांवास बोलावणें येण्याचा संभव १०० धरिला, तर दलित नांवास तो सुमारें ६७ व मुसलमान नांवास ३३ पडला. अमेरिकेंत शिकागो व बोस्टन येथें अशीच परीक्षा झाली, तिचा वृत्तांत २००४ सालीं निघाला: गोऱ्या वाटणाऱ्या नांवास १० अर्जांमागें एक उत्तर आलें, काळ्या वाटणाऱ्या नांवास तेंच १५ अर्जांमागें. समुद्रापलीकडेहि रोग एकच!

सरकारी नोकरींत राखीव जागा आहेत. खाजगी कारखान्यांस तें बंधन नाहीं. म्हणून प्रश्न नेमणूक करणाराच्या हातीं राहतो. गारखेड्यांतून चिकलठाणा व वाळूज येथील कारखान्यांत जाणाऱ्या ज्या पालकांकडे माणसें निवडण्याचें काम असेल, त्यांस आमची सूचना साधी आहे. पहिली निवड होईपर्यंत अर्जावरील नांव झांकावें व तेथें क्रमांक घालावा. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांकच असतो. तपासनिसास मुलाचें आडनांव ठाऊक नसतें, आणि त्यावांचून गुण देणें कधीं अडलेलें नाहीं.