गिटारमागची पेटी

मे १९७० मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ‘अमेरिकन वूमन’ हे गाणं पहिल्या क्रमांकावर पोहोचलं आणि तीन आठवडे तिथंच मुक्काम ठोकून राहिलं. बँडचं नाव ‘द गेस हू’, गाव कॅनडातलं विनिपेग. गायक बर्टन कमिंग्ज आणि गिटारवादक रँडी बॅकमन ही नावं त्या वर्षी उत्तर अमेरिकेभर पसरली. त्या गाण्यातल्या गिटारचा आवाज लोकांच्या कानांना नवा होता. जाडसर, किंचित फाटलेला आणि गजानं ओढल्यासारखा लांबत जाणारा. हा आवाज ज्या पेटीतून निघाला, ती विनिपेगमधल्याच एका ट्रॉम्बोनवादकानं बनवली होती. डान्स बँडमध्ये वाजवणारे हे गृहस्थ रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचे. टॉमस गार्नेट गिलीज त्यांचं नाव; ओळखीचे सगळे त्यांना गार म्हणत.

गाणं अजून वाजतं. गायकाचं नाव राहिलं, गिटारवादकाचं राहिलं, गिटारच्या कंपनीचंही राहिलं. अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्याचं नाव मात्र त्या विषयातली चार माणसं सोडली तर कुणाला ठाऊक नाही. हे चुकीचं आहे. कारण इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत अ‍ॅम्प्लिफायर ही आवाज मोठा करणारी जोडवस्तू नाही, ते अर्धं वाद्य आहे. ते घडवणारा माणूस वाद्यकारच, आणि त्याची नोंद वाद्यकार म्हणूनच व्हायला हवी.

इलेक्ट्रिक गिटार वायर न जोडता छेडून बघावी. शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. तारेखालच्या चुंबकावर गुंडाळलेल्या तांब्याच्या वेटोळ्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते आणि तिथून पुढचं सगळं त्या पेटीत घडतं. काचेच्या व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, समोरच्या प्लेटकडे धावतात. मधल्या जाळीवर गिटारकडून आलेला इशारा त्यांना कमीजास्त अडवतो. इशारा बेताचा असेल तर तो जसाच्या तसा मोठा होऊन बाहेर पडतो. व्हॉल्व्हच्या ताकदीबाहेरचा असेल तर लहरीचे माथे दबतात आणि मूळ सुरात नसलेले उपस्वर त्यात मिसळतात. व्हॉल्व्हमध्ये हे दबणं एकदम होत नाही, हळूहळू होतं. म्हणून वादक बोटाच्या जोरावर स्वर स्वच्छ ठेवू शकतो किंवा फाडू शकतो. त्यापुढे लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर आणि कागदी पडद्याचा स्पीकर आपापला रंग भरतात. यातलं काहीही बदललं की आवाज बदलतो. भोपळा बदलला की तानपुऱ्याचं जे होतं, तेच.

गार गिलीज यांच्या कामाला पोषक अशीच विनिपेगची परिस्थिती होती. शहर प्रेअरीच्या सपाट मुलखात, हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत उतरणारा. टोरांटो रस्त्यानं दोन हजार किलोमीटरच्या पुढं. साठच्या दशकात इथल्या मोहल्ल्यांच्या कम्युनिटी क्लबांत तरुणांसाठी नाचाचे कार्यक्रम होत आणि त्यासाठी पोरांचे बँड लागत. ‘द गेस हू’ याच वातावरणात वाढला, आणि तरुण नील यंगचा ‘द स्क्वायर्स’ही इथलाच. अमेरिकी अ‍ॅम्प आणायचा तर किमतीवर आयात शुल्क चढे. बिघडला तर तो पाठवायचा कुठं? मग पोरं गिलीज यांच्याकडे येत. त्यांना रंगमंच माहीत होता आणि सोल्डरिंगही. दुरुस्त्या करता करता त्यांनी स्वतःचे अ‍ॅम्प बांधायला घेतले आणि साठच्या दशकाच्या मध्यावर आपल्या मुलांना हाताशी धरून गार्नेट अ‍ॅम्प्लिफायर कंपनी उभी केली.

नोम, रेबेल, डेप्युटी, सेशन मॅन, प्रो ही त्यांच्या अ‍ॅम्पची नावं. पण सगळ्यांत महत्त्वाची वस्तू म्हणजे हर्झॉग. बॅकमनला ताणलेला, लांबणारा स्वर हवा होता. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमधून तो मिळवायचा तर आवाज इतका वाढवावा लागे की बाकीचा बँड बुडून जाई. गिलीज यांनी उपाय काढला तो साधा आणि बिनतोड होता. त्यांनी एक लहानसा पूर्ण अ‍ॅम्पच बांधला: पुढं १२एएक्स७, मागं ६व्ही६ हे व्हॉल्व्ह. पण त्याला स्पीकर जोडला नाही. त्याची सगळी ताकद आतल्या आत एका रजिस्टन्सवर जिरवली आणि त्यातला थोडासा इशारा मुख्य अ‍ॅम्पला दिला. छोटा अ‍ॅम्प जिवाच्या आकांतानं ओरडतोय, मोठा अ‍ॅम्प ते ओरडणं हव्या त्या पातळीवर ऐकवतोय. फाटलेपणा आणि मोठेपणा या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या करून दाखवल्या. पुढं मास्टर व्हॉल्यूमच्या अ‍ॅम्पनी याच अडचणीची सोडवणूक दुसऱ्या वाटेनं केली.

‘अमेरिकन वूमन’ची धून जन्मली ती अचानक. ओंटारियोत एक कार्यक्रम चालू असताना बॅकमनच्या गिटारची तार तुटली. नवी तार चढवून सूर जुळवता जुळवता त्याच्या बोटांखाली ती धून आली, बाकीचे मंचावर परतले आणि कमिंग्जनं तिथल्या तिथं शब्द जोडले. श्रोत्यांतला एक मुलगा कार्यक्रम चोरून टेप करत होता. त्याची कॅसेट मिळाली म्हणून ते हाती राहिलं. पुढं शिकागोच्या स्टुडिओत निर्माते जॅक रिचर्डसन यांनी गाणं ध्वनिमुद्रित केलं. धून बॅकमनची यात वाद नाही. पण तिला जो आवाज लाभला तो वादकाच्या गावातल्या, त्याचं गाऱ्हाणं समोर बसून ऐकलेल्या कारागिराकडून आला. कॅलिफोर्नियातल्या एखाद्या मोठ्या कारखान्यानं एका विनिपेगच्या पोरासाठी वेगळी पेटी बांधली नसती.

कॅनडातच दुसरं उदाहरण आहे ते टोरांटोचं. पीट ट्रेनर यांनी १९६३ मध्ये जॅक लाँग यांच्यासोबत यॉर्कव्हिल साउंड सुरू केली. त्यांचा बेस मास्टर अ‍ॅम्प फेंडरच्या बासमन या अमेरिकी अ‍ॅम्पच्या सर्किटवर बेतलेला होता. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात तयार झालेला पहिला अ‍ॅम्पही त्याच सर्किटवर बेतलेला. दोघांचा आवाज मात्र एकसारखा नाही. मार्शलना इंग्लंडमधले सेलेस्टियनचे स्पीकर आणि ब्रिटिश व्हॉल्व्ह मिळाले. ट्रेनर यांच्याकडे ओंटारियोतल्या हॅमंड कंपनीचे दणकट ट्रान्सफॉर्मर होते. कागदावर एकच असलेलं सर्किट ज्या गावात बांधलं गेलं त्या गावाचा आवाज घेऊन आलं. प्रांतोप्रांतीच्या छोट्या कंपन्यांकडे मोठ्यांची स्वस्त नक्कल म्हणून पाहणाऱ्यांनी एवढी एकच गोष्ट कान देऊन ऐकावी.

दुर्दैव असं की हेच ट्रेनर अ‍ॅम्प आज कित्येक जण विकत घेतात ते आतलं सगळं उपटून त्याचा मार्शल करण्यासाठी. ट्रान्सफॉर्मर चांगला, पेटी स्वस्त, मग काय हरकत, असा हिशेब. हरकत आहे. मार्शलच्या हुबेहूब प्रती बाजारात पैशाला पासरी मिळतात. त्या काळच्या ट्रेनरचा किंवा गार्नेटचा नवा नग आता कुठल्याही कारखान्यातून निघणार नाही. बदललेला प्रत्येक अ‍ॅम्प म्हणजे त्या गावाच्या आवाजातून वजा झालेला एक.

असा जुना अ‍ॅम्प उघडला की त्याची बांधणी एका नजरेत समजते. पोलादी चासी, खाली कापडी किंवा प्लॅस्टिकच्या वेष्टणातल्या रंगीत वायरी, मधे पट्टीवर ओळीनं डाग दिलेले रजिस्टन्स, कोपऱ्यात मोठे कंडेन्सर. प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, बोटांना लागतो आणि मीटर लावून तपासता येतो. कंडेन्सर फुगला तर तो फुगलेला दिसतो, डाग सुटला तर पेन्सिलीच्या लाकडी टोकानं टिचकी मारली की खरखर ऐकू येते. (शिकाऊ माणसानं मात्र आत हात घालू नये. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्टच्या घरातली वीज साठून असते, ती माणसाचा जीव घेऊ शकते.) पन्नास वर्षांपूर्वीचा अ‍ॅम्प आज वाजतो तो याच मोकळ्या बांधणीमुळं. त्याचे कंडेन्सर बदलावेत, दोन पिनांची वायर काढून अर्थिंगची तीन पिनांची घालावी. यात जुनेपणाचा अपमान नाही. पण मूळ ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर जिवंत असतील तर त्यांना हात लावू नये, आणि काढलेले भाग पिशवीत घालून पेटीतच ठेवावेत.

आज हे सगळे आवाज सॉफ्टवेअरमध्ये मिळतात, मग एवढा खटाटोप कशाला, असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. मुंबईच्या वन-रूम-किचनमध्ये रात्री दहानंतर सराव करणाऱ्या मुलीला शंभर वॅटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा उपयोग शून्य. हेडफोन आणि डिजिटल अ‍ॅम्प हेच तिच्या कामाचं, आणि त्याचा आवाज खरोखर चांगला असतो. पण नक्कल करायला आधी अस्सल अ‍ॅम्प चालू स्थितीत लागतो. त्यावर मोजमापं घ्यावी लागतात. नावाजलेल्या दहा-वीस कंपन्यांच्या पेट्या जपल्या जातील आणि बाकीच्या भंगारात गेल्या, तर सॉफ्टवेअरमध्येही तेच दहा-वीस आवाज उरतील.

व्हॉल्व्हचंही तसंच. नवे व्हॉल्व्ह आता मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळं रशियाची निर्यात थांबण्याची वेळ आली, तेव्हा जगभरच्या अ‍ॅम्पवाल्यांची झोप उडाली. या यादीत कधी काळी भारतही होता. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं (बेल) १९६१ मध्ये हॉलंडच्या फिलिप्सच्या सहकार्यानं रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले. आज ते बेलचे जुने व्हॉल्व्ह परदेशातले गिटारवादक शोधून विकत घेतात. आपल्याकडं ते बहुतेक रेडिओंबरोबर रद्दीत गेले. मर्फी रेडिओचा कारखाना ठाण्यात होता. ते रेडिओ उघडून दुरुस्त करणारे मेकॅनिक महाराष्ट्रात गावोगावी होते. गार गिलीज यांच्याकडं जे हुन्नर होतं ते याच जातीचं. फेंडर कंपनीच्या लिओ फेंडर यांची सुरुवातही रेडिओ दुरुस्तीच्या दुकानापासूनच झाली.

महाराष्ट्राला वाद्यकाराची कदर ठाऊक नाही असं नाही. मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी शस्त्रांची मागणी सरल्यावर तंतुवाद्यं घडवायला घेतली, आणि दीडशेहून अधिक वर्षांनी, २०२४ मध्ये, मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हा गौरव उशिरा आला तरी योग्य आहे. मग ज्यांनी हिंदी-मराठी ऑर्केस्ट्रांसाठी, लग्नाच्या वरातीतल्या बेंजो पार्ट्यांसाठी अ‍ॅम्प्लिफायर बांधले, ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळले, त्यांची नावं कुठं आहेत? गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजोचा तो खास कडक, चिरत जाणारा आवाज नुसत्या वाद्याचा नव्हे. तो ढकलगाडीवरच्या अ‍ॅम्पचा आणि भोंग्याचाही आहे. तो कुणी घडवला याची नोंद मिरजेच्या तोडीनं व्हायला हवी होती.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती द्यावी म्हणून. ते स्वागतार्ह आहे, पण त्याचा रोख आजच्या वस्तूंवर आहे. बंद पडलेल्या छोट्या कारखान्यांची माहिती द्यायला कुठली कंपनी येणार? गार्नेट १९८९ मध्ये बंद झाली. त्यानंतरही गिलीज यांनी दुरुस्तीचं काम सोडलं नाही, आणि त्यांच्या अ‍ॅम्पची सर्किटं आज कुणालाही पाहायला मिळतात. म्हणूनच कुठल्याही देशातला मेकॅनिक गार्नेट चालू करू शकतो.

आपल्याकडं हे काम विद्यापीठांच्या संगीत विभागांनी आणि आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स शाखांनी मिळून हाती घ्यावं. दोघांपैकी एकट्यानं ते होणार नाही, कारण एकाला आवाज कळतो आणि दुसऱ्याला सर्किट. तोवर ज्यांच्या माळ्यावर जुन्या ऑर्केस्ट्राचा अ‍ॅम्प पडून आहे त्यांनी तो वजनावर विकू नये. जाणत्या मेकॅनिककडून तो उघडून घ्यावा, चासीच्या खालच्या बाजूचा स्वच्छ फोटो काढावा, ट्रान्सफॉर्मरवर काही शिक्का असेल तर तो उतरवून घ्यावा आणि तो कुणी बांधला हे सांगणारा वादक हयात असेल, तर त्याला या महिन्यातच गाठावं.